साक्षरता वर्ग तीन संस्था मिळून चालवताय? या चुका टाळा

वाचनालयाची जागा, ज्येष्ठ नागरिक संघातले निवृत्त शिक्षक आणि बचत गटातल्या शिकणाऱ्या बायका. नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे स्टोअर किंवा ठाण्यातल्या किसननगरच्या आसपास हा मेळ सहज जमतो. मोडतो तो बहुतेकदा चावीवरून.

चावी एकाच माणसाकडे ठेवली की तो गावाला गेला तर वर्ग बंद. सलग दोनदा कुलूप पाहिलेली बाई तिसऱ्यांदा येत नाही, कारण ती चार घरची कामं पुढेमागे करून आलेली असते. म्हणून नारळ फोडण्याआधी एका पानाचं करारपत्र करा: दिवस, वेळ, वीजबिल, झाडलोट, हजेरी; आणि चाव्या दोन, वेगवेगळ्या संस्थांच्या माणसांकडे. वर्ग थांबवायचा तर महिनाभर आधी लेखी कळवायचं. नुसती अध्यक्षांची सही नको, प्रत्येक कार्यकारिणीचा ठराव जोडा. नवी कार्यकारिणी आली की जुन्यांचा तोंडी शब्द कोणी पाळत नाही.

महापालिका शाळेची खोली हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या ‘या की’वर विसंबू नका. शिक्षण विभागाकडे अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. निवडणूक किंवा दहावीची परीक्षा आली की खोली जाते, तेव्हा बसायचं कुठे तेही करारातच लिहा.

वेळ शिकवणाऱ्यांच्या सोयीने ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सकाळी अकरा ही ज्येष्ठांची वेळ. घरकामाच्या बायकांना जमलं तर दुपारी अडीच ते चार. आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा.

मग तासांचा हिशेब. १५ वर्षांपुढच्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात २०० तास शिकणं अपेक्षित आहे. आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास धरले तर ३४ आठवडे लागतात. या कार्यक्रमाची २०२४ची परीक्षा १७ मार्चला झाली होती. दिवाळीनंतर सुरू केलेल्या वर्गाचे तोवर शंभर-सव्वाशे तासच भरतात. जूनच्या मध्यावर सुरुवात केली तर गणपती, नवरात्र, दिवाळीच्या सुट्ट्या धरूनही हिशेब बसतो.

हजेरीवही एकच ठेवा. तीन संस्थांनी तीन वह्या ठेवल्या की वीस बायका अहवालात साठ होतात. ‘उल्लास’च्या नोंदणीचं कामही एकाच माणसावर सोपवा. ‘ते करतील’ असं तिघंही समजून बसले, तर तास भरूनही परीक्षेच्या यादीत कोणाचंच नाव नसतं.