परदेशातल्या इको-कॅम्पवर स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी या चुका टाळा

दिवसाला चार-पाच तास काम, आठवड्याला दोन दिवस सुट्टी आणि बदल्यात जेवण व झोपायला जागा. युरोपातल्या बहुतेक लहान इको-कॅम्पवर स्वयंसेवकाशी साधारण असाच ठराव असतो. जंगलाच्या कडेला किंवा कुरणात कापडी तंबू, कोरडे संडास, सौर वीज आणि मोजून वापरायचं पाणी. काम म्हणजे तंबू उभारणं, पायवाटा दुरुस्त करणं, तण काढणं, लाकूड फोडणं, संडासांचे ड्रम बदलणं. माण-खटावच्या उन्हात चर खोदलेल्या किंवा वाळव्याच्या उसात राबलेल्या माणसाला यातलं काहीच जड नाही. तरीही आपल्याकडून जाणारे अडकतात, आणि अडकण्याच्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत.

पर्यटक व्हिसावर ‘मदत करायला’ निघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पगार नाही म्हणजे ते काम नाही, असा आपला समज असतो. ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड इथला कायदा तसं मानत नाही. राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम तिथे कामच धरलं जातं. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण एकूण 30 दिवसांपर्यंतच, तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, आणि प्रवासाचा मुख्य हेतू तो नसेल तरच. खाजगी मालकीचा कॅम्प कितीही पर्यावरणप्रेमी असला तरी या नियमात बसत नाही. धर्मादाय संस्थेत जास्त दिवस काम करायचं तर त्यासाठीचा वेगळा व्हिसा आहे आणि त्याला संस्थेची प्रायोजकता लागते.

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, छोट्या मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. पण त्या मुदतीत स्वयंसेवा चालते का, हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीला ईमेल करा. कॅम्पचं नाव, रोजचे तास, मोबदल्यात काय मिळणार हे स्पष्ट लिहा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. वर्षभर द्यायची तयारी असेल तर जर्मनीतलं ऐच्छिक पर्यावरण वर्ष हा चांगला रस्ता आहे. 27 पेक्षा कमी वय असलेल्यांसाठी ते आहे, खर्चाला थोडे पैसे आणि विमा मिळतो, व्हिसाही त्यासाठीच असतो. जर्मन मात्र थोडीफार यावीच लागते.

‘विमानतळावर फिरायला आलोय म्हणून सांग, कोण बघतंय’ असा सल्ला देणारा भेटेलच. तो ऐकू नका. अधिकारी फोन मागू शकतात आणि यजमानाशी झालेलं सगळं बोलणं त्यात असतं. तिथून परत पाठवलं तर ती नोंद राहते, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात तिचं उत्तर द्यावं लागतं.

वेळेचं गणितही इथेच चुकतं. उत्तर युरोपातल्या कॅम्पना माणसं सर्वात जास्त लागतात ती एप्रिल-मे मध्ये तंबू उभारताना आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढताना. आपल्याकडे परीक्षा संपल्यावर अर्ज करायला बसलं तर उभारणी होऊन गेलेली असते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात आणि कधी 45 पर्यंत जातात.  पासपोर्ट नवा काढायचा असेल तर पोलीस पडताळणीचा वेळ त्यात धरा. एप्रिलला पोहोचायचं तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रौढांसाठी व्हिसा फी 90 युरो आहे. खात्यात आदल्या आठवड्यात काकांनी टाकलेले दोन लाख मदत करत नाहीत, उलट संशय वाढवतात. तीन ते सहा महिन्यांची नियमित जमा दिसली पाहिजे.

विम्याची छोटी अक्षरं न वाचणं

शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, तो सगळेच काढतात. पण बऱ्याच प्रवास विम्यांत अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं. कुऱ्हाडीनं पायाला जखम झाली आणि तुम्ही काम करत होता हे रुग्णालयाच्या कागदावर आलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. विमा विकणाऱ्याला हे नेमकं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तसंच साखळी करवत, ब्रश कटर ही यंत्रं प्रशिक्षण नसताना हातात घेऊ नका. नाही म्हटलेलं तिथे कुणाला वाईट वाटत नाही.

‘निसर्गाची आवड आहे’ एवढंच लिहिणं

यजमानाला रोज असे संदेश येतात. त्याला हवं असतं ते हातातलं कसब. पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत 2016 साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. त्यानंतर आपल्या जिल्ह्यांत हजारो लोकांनी श्रमदान केलं, पण अर्जात ते कुणी लिहितच नाही. ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीनं, समपातळी रेषा आखता येते, सलग समतल चर खोदता येतात, दगडी बांध रचता येतो, गांडूळ खत करता येतं, रोपवाटिका सांभाळता येते. डोंगरउतारावरच्या कॅम्पला पायवाटेवरचं पाणी बाजूला काढायला नेमकं हेच लागतं. दोन फोटो जोडा. पन्नास माणसांचा पिठलं-भात करता येत असेल तर तेही लिहा. कॅम्पचं स्वयंपाकघर कायम माणसांच्या शोधात असतं.

कोरड्या संडासात पाणी ओतणं

आपल्याकडच्या सवयीमुळे होणारी ही चूक जवळजवळ हमखास घडते आणि तिचा त्रास सगळ्या कॅम्पला होतो. या संडासात विष्ठेवर लाकडाचा भुसा टाकतात. भुशामुळे मधे हवा खेळती राहते, ओल शोषली जाते आणि हवेवर जगणारे जिवाणू आपलं काम करतात. पाणी पडलं की पोकळ्या बुजतात, हवा संपते, सडणं सुरू होतं. मग वास, मग माश्या. लघवी जास्त झाली तरी हेच होतं, कारण तिच्यात नत्र भरपूर आणि कर्ब जवळपास नाही. कुजण्यासाठी कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असावं लागतं.

दर वेळी मगभर भुसा टाका, विष्ठा पूर्ण झाकली गेली पाहिजे. भुसा साध्या लाकडाचाच हवा. प्लायवूडचा किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा चालत नाही. लघवी वेगळी करणारं भांडं असेल तर पुरुषांनीही बसूनच वापरायचं. पाण्याशिवाय चालतच नसेल तर आधी कागद वापरा, मग छोट्या बाटलीतलं पेलाभर पाणी घ्या आणि त्यावर दुप्पट भुसा टाका. हे चालेल का, ते पहिल्याच दिवशी यजमानाला विचारा. लाजायचं कारण नाही, आशियातून येणारे अनेक जण हेच विचारतात.

वास यायला लागलाच तर आधी वायुनळीचं तोंड कोळ्याच्या जाळ्यानं बुजलंय का ते बघा. मग कोरडा भुसा आणि वाळका पाला मिसळा. खताच्या ढिगाची ओल हातमोजे घालून मुठीत दाबून पाहायची. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर ओल जास्त. ड्रम तीन-चतुर्थांश भरला की बदला आणि झाकणावर तारीख लिहा. काठोकाठ भरलेला ड्रम दोघांनाही उचलत नाही, आणि नेताना सांडतो. तारीख महत्त्वाची अशासाठी की जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 2 ते 20 अंशांच्या थंड हवेत हा माल दीड ते दोन वर्षं ठेवावा लागतो. आपल्याकडच्या हवेत वर्षभरात जे होतं, त्याला तिथे जास्त वेळ लागतो.

फुलं सुंदर आहेत म्हणून तण न उपटणं

कासच्या पठारावर तेरड्याचे गुलाबी-जांभळे गालिचे आपण कौतुकानं बघतो आणि पाय पडू नये म्हणून जपतो. त्याच कुळातला हिमालयीन तेरडा 1839 मध्ये बागेसाठी ब्रिटनमध्ये नेला गेला आणि आज तिथल्या नदीकाठांवर तो मोठा उपद्रव आहे. माणसाच्या उंचीपेक्षा वर जातो, खालची देशी झुडपं झाकून टाकतो आणि हिवाळ्यात मरून काठ उघडा पाडतो. मग माती वाहून जाते. जून-जुलैच्या सुमारास तो उपटण्याचं काम अनेक ठिकाणी स्वयंसेवकांकडे असतं, आणि फुलांकडे बघून हात आखडतो.

उपटताना बुडाशी धरा, मुळं उथळ असतात, सहज येतात. देठ सर्वात खालच्या पेराच्या खाली मोडा, नाहीतर ओल्या जमिनीवर पेरातून पुन्हा मुळं फुटतात. कामाची सुरुवात नदीच्या वरच्या अंगाला करायची, नाहीतर वरून वाहत आलेलं बी साफ केलेल्या काठावर पुन्हा रुजतं. एकदा शेंगा धरल्या की हात लावू नका. आपल्या तेरड्यासारख्याच त्या फटकन फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडतं.

भांगलणीची सवय असलेल्यांनी आणखी दोन झाडं ओळखायला शिकायची. जपानी नॉटवीड दिसलं की खुरपं बाजूला ठेवा. त्याच्या मुळाचा नखाएवढा तुकडाही नवं झाड उभं करतो, त्यामुळे खणून, छाटून ते पसरतंच. दुसरं जायंट हॉगवीड, पांढऱ्या छत्रीसारख्या मोठ्या फुलोऱ्याचं. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. चीक लागलाच तर साबण-पाण्यानं धुवा, ती जागा उन्हापासून झाका आणि डॉक्टरांना दाखवा.

थंडीचा अंदाज महाबळेश्वरवरून बांधणं

स्कॉटलंड किंवा आल्प्सच्या पायथ्याशी जूनमध्येही रात्री पारा पाच अंशांच्या आसपास येऊ शकतो. शिवाय तंबूत ओल असते. झोपायच्या बॅगेवर तापमानाचे आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. दुकानदार टोकाचा आकडा मोठ्यानं सांगतो. त्या तापमानात माणूस जेमतेम तग धरतो, झोपत नाही. खरेदी आरामाच्या आकड्यावरून करा, शून्य ते पाच अंशांची बॅग बहुतेक ठिकाणी पुरते. अर्धी थंडी जमिनीतून येते, म्हणून खाली उष्णतारोधक मॅट हवी, आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता सांगणारा आकडा) तीनच्या आसपासची. अंगालगत सुती बनियन नको. घामानं भिजलं की ते वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. सगळं सामान घेऊन जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरातल्या एखाद्या परवानगी असलेल्या कॅम्पवर एक रात्र काढून बघा. काय कमी आहे ते पहाटे चारला कळतं.

कापडी तंबूची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ओला तंबू घडी करून ठेवला तर एक-दोन दिवसांत बुरशीचे काळे डाग पडायला लागतात आणि ते जात नाहीत. पावसातच काढावा लागला तर त्याच दिवशी शेडमध्ये उलगडून टांगा.

गोचिडीला तेल लावणं

गोठ्यातली गोचीड काढायची सवय असलेला माणूस तिथेही रॉकेल, तेल किंवा जळती काडी वापरायला बघतो. तसं करू नका. त्रास दिला की ती पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणानं धुवा, तारीख लिहून ठेवा. युरोपातल्या गोचिडींतून लाइम रोग होतो. 3 ते 30 दिवसांत त्या जागेभोवती पसरणारा लाल चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरकडे जा, वेळेत प्रतिजैविकं घेतली तर तो बरा होतो. गवतात काम करताना विजार मोज्यात खोचा, आणि रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे बघा. मध्य युरोपात गोचिडीतून मेंदूज्वरही होतो. त्याच्या लसीचे पहिले दोन डोस एक ते तीन महिन्यांच्या अंतरानं घ्यावे लागतात, म्हणून हा विषय निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढून उपयोग नाही.

बॅगेत कंदी पेढे आणि बुटाला शेतातली माती

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, कंदी पेढे घरीच ठेवा. यजमानासाठी काही न्यायचं तर सांगलीची हळद किंवा तासगावचे बेदाणे, कारखान्यात बंद केलेल्या आणि घटक छापलेल्या पाकिटात. न्यूझीलंडला जाणार असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू आणि वापरलेले बूट, तंबू फॉर्मवर जाहीर करा. लपवलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलं तर बहुतेक वेळा बूट तपासून, लागल्यास धुऊन परत देतात. बुटाच्या खाचांतली माती घरीच ब्रशनं काढून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. गॅसचं डबडं विमानात चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, 100 वॉट-अवरच्या आतली.

घरून राइस कुकर किंवा पाणी तापवायची कांडी नेऊ नका. कॅम्पचा इन्व्हर्टर अनेकदा हजार वॉटच्या आसपासचा असतो, कांडी तेवढं एकटीच ओढते आणि सगळ्यांचे दिवे जातात. फोन दुपारी चार्ज करा, तेव्हा पॅनेलची वीज थेट मिळते.

बिनसलं तर काय करायचं हे न ठरवणं

ठरलेले पाच तास हळूहळू आठ होतात, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या खोल्या साफ करायला सांगतात. निघण्याआधी तास, सुट्टी, जेवण, झोपायची जागा, हे सगळं ईमेलवर ठरलेलं असेल तर त्यावर बोट ठेवून बोलता येतं. आधी यजमानाशी शांतपणे बोला. फरक पडला नाही तर ज्या संकेतस्थळावरून जागा मिळाली त्यांना कळवा आणि निघा. जाण्याआधीच कुणी ‘नोंदणी’ म्हणून खाजगी खात्यात पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, मागणाऱ्याला झेरॉक्स द्या. युरोपीय संघात आणीबाणीचा क्रमांक 112, तो फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे हवा. भारतीय वकिलातीचा आणीबाणीचा क्रमांकही तसाच, आणि गंभीर तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. परतीच्या तिकिटाएवढे आणि चार रात्री कुठेतरी राहता येईल एवढे पैसे स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवा, आणि घरच्यांना कॅम्पचा पत्ता, यजमानाचा फोन आणि जवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव लिहून द्या.