आधी मावशींचे दात बघा

बीडीएस किंवा नर्सिंग संपवून वृद्धाश्रमांत काम करू पाहणारी मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, "मॅडम, सुरुवात कुठून करू?" मी दंतवैद्य आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला माझा छोटा दवाखाना आहे आणि गेली सहा वर्षं मी शहरातल्या, आसपासच्या वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांना आजी-आजोबांच्या तोंडाची निगा शिकवते. सुरुवात कुठून करायची हे मला चुकूनच कळलं, म्हणून आधी ती चूक सांगते.

माझं पहिलं प्रशिक्षण दुपारी तीन वाजता झालं. प्रोजेक्टर लावला, चाळीस स्लाइड दाखवल्या. समोर मावशी, मामा आणि दोन सिस्टर बसल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला, फोटो झाला. महिन्याने परत गेले तर मी वाटलेले ब्रश वेष्टनासकट कपाटात. मला रागच आला. मग एक दिवस सकाळी सात वाजता जाऊन नुसती उभी राहिले. एका मावशीकडे बारा जण. नऊच्या आत सगळ्यांची आंघोळ, डायपर, चहा, नाश्ता, गोळ्या. माझ्या चाळीस स्लाइडमध्ये या दोन तासांबद्दल एक ओळ नव्हती.

त्याच सकाळी एक मावशी हळूच म्हणाल्या, "मॅडम, गू-मूत काढायचं काही वाटत नाही, पण दुसऱ्याच्या तोंडात हात घालायचा म्हटलं की पोटात ढवळतं. आणि चावले तर?" किळस आणि भीती या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांना आळशीपणा म्हणू नका. हे बोलता बोलता त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांचे दात मशेरीने काळे पडले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून त्या धडपडत होत्या. त्या पेठ तालुक्यातल्या. लहानपणापासून मशेरी लावत होत्या, स्वतःचं तोंड कधी कुणाला दाखवलं नव्हतं. मी टॉर्च काढला, त्यांना खिडकीजवळ बसवलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे मशेरी लावायची तिथेच, पांढरा चट्टा होता. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजला तपासणीसाठी पाठवलं. मशेरी सोडायला त्यांना चार महिने लागले, मध्ये दोनदा परत सुरू झाली. तेव्हापासून माझं कुठलंही प्रशिक्षण कर्मचाऱ्यांच्या तोंडाच्या तपासणीने सुरू होतं. ज्या बाईच्या दुखऱ्या दाढेची विचारपूस कुणीतरी केली, तिला आजींची दाढ दुखत असेल हे आपोआप सुचतं.

शिकवायचं काय? 'दात स्वच्छ ठेवा' म्हणून कुणी हलत नाही. न्यूमोनियाचं सांगा. म्हाताऱ्या माणसाला गिळायला त्रास होतो, झोपेत लाळ थोडीथोडी श्वासनळीत उतरते आणि लाळेबरोबर तोंडातले जंतूही उतरतात. जपानमध्ये अकरा नर्सिंग होममधल्या वृद्धांवर दोन वर्षं अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तोंडाची निगा कर्मचाऱ्यांनी जेवणानंतर नेमाने राखली, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला. बाकीच्यांत १९ टक्क्यांना. हा आकडा मी मावशींना सांगते तेव्हा त्यांना गेल्या हिवाळ्यात सिव्हिलला न्यावे लागलेले आजोबा आठवतात. मग पुढचं ऐकतात.

इथेच राईल्स ट्यूबचा, म्हणजे नाकातून पोटात अन्न देणाऱ्या नळीचा, विषय काढा, कारण सगळीकडे समज एकच, "ते तोंडाने खातच नाहीत, तर तोंड घाण कसं होईल?" उलट होतं. चावणं नाही, त्यामुळे लाळ पुरेशी सुटत नाही, आणि टाळूवर, जिभेवर पिवळट खपली धरते. ती ओरबाडायची नाही. ओल्या गॉजने आधी भिजवायची, मऊ झाली की पुसून घ्यायची. जुन्या सिस्टर ग्लिसरीन-लिंबू लावतात. लिंबाचं आम्ल दातांना लागतं आणि ग्लिसरीन कोरड वाढवतं, म्हणून मी ते बंद करायला सांगते. तोंड साध्या पाण्याने ओलं ठेवा, ओठांना व्हॅसलीन लावा.

बाकीचं सगळं खाटेशी उभं राहून शिकवा. रुग्णाला बसतं करा, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की ठसका लागलाच म्हणून समजा. बसता येत नसेल तर कुशीवर वळवून गालाखाली पंचा ठेवा. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, गिळायचा त्रास असेल तर नुसती चोपडण्यापुरती. पक्षाघात असेल तर लुळ्या बाजूचा गाल बघायला विसरू नका. मला तिथे आदल्या रात्रीची भाकरी सापडली आहे, एकदा अर्धवट विरघळलेली गोळीसुद्धा, आणि तिच्याखाली गाल भाजल्यासारखा लाल. हिरड्यांतून रक्त आलं की मावशी ब्रश थांबवतात. त्यांना सांगा, मऊ ब्रशने हलक्या हाताने घासत राहिलं तर सूज उतरते आणि रक्तही थांबतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि रक्त थांबतच नसेल, तर मात्र डॉक्टरांना फोन.

चावण्याची भीती घालवायला एकच नियम पुरतो: दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही. बोट ओठाच्या कोपऱ्यातून गालाच्या आत सरकवा, गाल बाहेर ओढा, ब्रशला तेवढी जागा पुरते.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णांचं मला त्या पेठच्या मावशींनीच शिकवलं. निफाडकडचे एक आजोबा होते, आयुष्यभर द्राक्षबागेत राबलेले. ब्रश दिसला की जबडा आवळायचे, हात झटकायचे. मी तीन वेळा प्रयत्न केला, सोडून दिलं. मावशींनी त्यांना अंगणातल्या नळापाशी नेलं, हातात तांब्या दिला आणि त्यांच्या उजव्या तर्जनीवर पेस्ट लावली. आजोबा उकिडवे बसले आणि बोटाने दात घासू लागले. ते असेच घासत आले असणार, कधी राखुंडीने, कधी मंजनाने. दोन-तीन दिवसांनी मावशींनी त्याच हातात ब्रश दिला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. आजोबांनी तोंड उघडलं. मी तेव्हापासून प्रत्येक आजी-आजोबांबद्दल घरच्यांना विचारते, पूर्वी दात कसे घासायचे? काडीने, बोटाने, बसून, उभ्याने? हा प्रश्न कुठल्याही छापील तक्त्यात नसतो.

आता कवळ्या. एका ठिकाणी सहा जणांच्या कवळ्या एका बादलीत धुवायला टाकल्या आणि सगळ्या एकात एक झाल्या. अर्धा दिवस आम्ही कुणाची कुठली ते बघत होतो. एक आजी तोंड मिटून बसल्या, जेवल्याच नाहीत. म्हणून पहिल्याच भेटीत कवळ्यांवर नावं घाला. बाहेरच्या बाजूला, गालाकडे येणाऱ्या गुलाबी भागावर बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, पेन्सिलने नाव लिहायचं, वर पारदर्शक नेलपेंटचे दोन हात, आणि पूर्ण वाळल्यावरच ती तोंडात जायची. कवळी धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून सुटली तरी फुटत नाही. साबण आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्टने ओरखडे पडतात, गरम पाण्याने ती वाकते. रात्री काढून पाण्यात. "दात नसलेले मला कुणी बघायला नको" म्हणून काही आजी कवळी घालूनच झोपतात आणि टाळू लालभडक होतो, बुरशी धरते. त्यांच्याशी घाई करू नका. कवळी काढताना पडदा ओढून घ्या.

नोंदीसाठी ऑस्ट्रेलियातून आलेला ओएचएटी नावाचा तक्ता मला सोयीचा वाटतो. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं अशा आठ गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. तो मराठीत हाताने लिहून काढा, दोन मिनिटांत भरता येतो. दोन आठवड्यांवर गेलेली जखम दिसली की थेट दंतवैद्याकडे, हे त्याच कागदाखाली ठळक लिहा.

संचालकांशी बोलताना नवे लोक फार नमतात. तुम्ही फुकट शिबिर देत असाल तरी एक गोष्ट मागून घ्या: ड्युटीच्या तक्त्यात तोंडासाठी वेगळी वेळ. रोज सकाळी एकदा सगळ्यांचं नीट होणं अवघडच असतं, म्हणून मी निम्मे सकाळी आणि निम्मे रात्रीच्या जेवणानंतर असं वाटून द्यायला सांगते. ज्या ठिकाणी हे लिहून घेतलं नाही तिथे माझं काम दोन महिन्यांत विरलं. कर्मचारीही सारखे बदलतात, तेव्हा एकीला पक्कं तयार करा म्हणजे ती पुढच्यांना शिकवेल.

पेठच्या त्या मावशी आता हेच करतात. मागच्या महिन्यात सुरगाण्याहून एकोणीस वर्षांची मुलगी कामाला लागली. मी पोचले तेव्हा दोघी खिडकीजवळ बसल्या होत्या. मावशींच्या हातात माझा जुना टॉर्च होता आणि त्या मुलीला म्हणत होत्या, "आधी तुझं तोंड उघड."