रनिंगचा लॉग ठेवताय? मग घड्याळाला जे कळत नाही ते आधी लिहा

नवीन पळायला लागलेला माणूस पहिले हेच विचारतो की ॲप कुठलं घेऊ. खरं सांगायचं तर कुठलंही घ्या. स्ट्राव्हा, गार्मिन कनेक्ट, किंवा साधी गूगल शीट, फरक ॲपने पडत नाही, आपण त्यात काय लिहितो आणि नंतर ते उघडून कसं बघतो याने पडतो. बहुतेकांचा लॉग म्हणजे नुसता पेस (एका किलोमीटरला लागलेली मिनिटं) आणि नकाशा, त्याच्यावर पंधरा कुडोज (स्ट्राव्हावरचे लाइक), आणि सहा महिन्यांनी विचारलं की बाबा तू सुधारलास का, तर उत्तर "हो, वाटतंय तसं". वाटतंय कशाला, डेटा तुझ्याच फोनमध्ये पडलाय ना!

समजा जानेवारीची मुंबई मॅरेथॉन डोक्यात आहे, हाफ, म्हणजे २१.१ किलोमीटर. ती असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे तयारी भर पावसाळ्यात सुरू होते, मधे ऑक्टोबरची उकाड्याची शिक्षा, आणि मग थंडी. हवा एवढी बदलते की नुसता पेस बघून काही कळायचं नाही. म्हणून आधी सेटअप नीट करू.

एकच जागा मुख्य ठरवा. घड्याळ गार्मिनचं असेल आणि दोन्ही अकाउंट एकदा जोडली असतील तर रन आपोआप स्ट्राव्हावर जातो, पण मोबाइलवर स्ट्राव्हासुद्धा चालू आणि घड्याळसुद्धा चालू असं केलंत तर एकाच रनच्या दोन नोंदी होऊन बसतात आणि आठवड्याचे किलोमीटर कागदावर फुगतात. स्ट्राव्हाचं फुकट अकाउंट पुरतं, फिटनेसचा आलेख वगैरे पैसे भरल्यावर मिळतो पण सुरुवातीला त्याची गरज नाही. आठवडा कुठल्या वारी सुरू होतो तेही बघून घ्या, कारण काही ठिकाणी सोमवारी तर काही ठिकाणी रविवारी होतो, आणि आपला लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांब रन, रविवारीच असतो, त्यामुळे एका ॲपमध्ये आठवडा ३८ किलोमीटर आणि दुसऱ्यात २४ असा गोंधळ दिसला तर घाबरू नका.

ऑटोपॉज हा दुसरा घोळ. सिग्नलला थांबलात, पाणी प्यायलात, चहाच्या टपरीवर मित्र भेटला, घड्याळ गुपचूप थांबतं आणि घरी आल्यावर पेस बघून आपण खूश. रेसमध्ये घड्याळ कुणासाठी थांबत नाही हो! लाँग रनला तरी ऑटोपॉज बंद ठेवा, किंवा निदान मूव्हिंग टाइम (नुसता पळण्याचा वेळ) आणि इलॅप्स्ड टाइम (थांबण्यासकट एकूण वेळ) दोन्ही बघा. दोघांत दहा-बारा मिनिटांचा फरक असेल तर तो रन सलग पळलेला नाही, एवढं स्वतःशी तरी कबूल करावं.

आणि प्रायव्हसी. घराभोवतीचा भाग नकाशावरून लपवायची सोय स्ट्राव्हाच्या सेटिंगमध्ये आहे, पहिल्याच दिवशी ती चालू करा. रोज पहाटे सव्वापाचला याच गेटमधून एकटी बाई बाहेर पडते हे जगाला सांगायची काही गरज नाही. २०१८ च्या जानेवारीत याच स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळ्यांचे रन एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून, परदेशातले लष्करी तळ लोकांनी ओळखले होते, तिथे आपल्या सोसायटीचं काय घेऊन बसलात.

आता मुख्य काम. रन संपला की चप्पल घालायच्या आधी, आंघोळीच्या आधी, दोन ओळी टाइप करायच्या. अंतर, वेळ, हार्ट रेट हे घड्याळ लिहितं. झोप किती झाली, हवा कशी होती, कुठे दुखलं, काय खाऊन निघालो आणि किती जोर लागला, हे त्याला माहीत नसतं. काही घड्याळं झोप मोजतात म्हणा, पण पोरगं रात्रभर रडत होतं हे त्यात येत नाही. नमुना असा:

"८ किमी, युनिव्हर्सिटीतला लूप. जोर ३/१०. झोप साडेपाच तास. रात्रभर पाऊस, सकाळी दमट. डावी नडगी आतल्या बाजूने, पहिले २ किमी, मग गेली. जुने शूज."

एवढंच. निबंध नको, नाहीतर तीन दिवसांत कंटाळा येतो. पण "नडगी" हा शब्द तीन आठवड्यांत चार वेळा दिसला, आणि चारही वेळा "जुने शूज" सोबत, तर काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. एका शूजच्या जोडीचं आयुष्य ढोबळमानाने ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, स्ट्राव्हात गिअरमध्ये जोडी टाकली की तिचे किलोमीटर आपोआप मोजले जातात. बायकांनी पाळीची तारीखही टाकावी, कारण एखाद्या आठवड्यात सगळेच रन जड का गेले याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं आणि आपण उगाच ट्रेनिंगला दोष देत बसतो.

जोर १ ते १० मध्ये लिहायचा. ३ म्हणजे शेजारच्याशी आरामात गप्पा मारता येतात, ७ म्हणजे दोन-तीन शब्दांच्या वर बोलवत नाही. याला मिनिटांनी गुणा. ४० मिनिटं गप्पा मारत, ४० गुणिले ३, झाले १२०. तीच ४० मिनिटं टेम्पो, म्हणजे सलग जोरात, जोर ७, झाले २८०. टेम्पोमध्ये किलोमीटर जेमतेम एखादा जास्त पडला असेल पण अंगावर दुपटीहून जास्त ओझं पडलं. आठवड्याची ही बेरीज किलोमीटरच्या बेरजेशेजारी ठेवा. किलोमीटर तेवढेच आणि ही बेरीज मात्र दर आठवड्याला चढतीये, म्हणजे सोपे रन आता सोपे राहिलेले नाहीत.

ही बेरीज करायला शीट बरी पडते. तारीख, अंतर, वेळ, जोर, टीप, असे पाच कॉलम खूप झाले. फक्त एक गंमत लक्षात ठेवा, बेचाळीस मिनिटं तीस सेकंद हे ४२:३० असं टाकलं तर शीट त्याला बेचाळीस तास तीस मिनिटं समजते. ०:४२:३० असंच टाकायचं, आणि त्याला अंतराने भागून त्या कॉलमचा फॉरमॅट ड्युरेशन केला की पेस तयार.

आता प्रगती बघायची कशी, कारण इथेच लोक फसतात. कालच्या रनशी आजचा रन ताडायचा नाही. सारख्याची तुलना सारख्याशी. साताऱ्याच्या हिल हाफमध्ये यवतेश्वरचा घाट चढून जायचं असतं, तिथला पेस मरीन ड्राइव्हच्या सपाटीशी जुळवलात तर उगाच रडू येईल. हवेचंही तसंच. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, म्हणून त्याच पेसला हार्ट रेट वर जातो. ऑक्टोबरात पेस पडला म्हणजे फिटनेस गेला असं नाही, आणि डिसेंबरात अचानक उडायला लागलात तर त्यातलं थोडं श्रेय थंडीलाही द्या.

म्हणून एक टेस्ट लूप ठरवा. घराजवळ, सपाट, सिग्नल नसलेला, ४-५ किलोमीटरचा. दर चार आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळेला, आधी दहा मिनिटं वॉर्मअप करून, हार्ट रेट एका आकड्याच्या आसपास धरून पळायचं, समजा १४५, आणि बघायचं की पेस काय येतो. ऑगस्टात ७:५० आला, नोव्हेंबरात ७:२० आला, हार्ट रेट तोच, याला मी प्रगती म्हणेन. दिवस बदलला, रस्ता बदलला तर तो आकडा टेस्टमध्ये धरू नका. मनगटावरचा सेन्सर कधीकधी हार्ट रेटऐवजी पावलांचा ठेका पकडतो, त्यामुळे सोप्या रनला १७५ दिसला तर आधी पट्टा घट्ट करा, डॉक्टर नंतर. छातीत दुखत असेल, गरगरत असेल तर मात्र उलटं, आधी डॉक्टर.

लाँग रनमध्ये अजून एक बघण्यासारखं आहे. पेस तोच ठेवून पहिल्या अर्ध्याचा आणि दुसऱ्या अर्ध्याचा सरासरी हार्ट रेट बघा. सुरुवातीला १४० आणि शेवटी १५८ असं होत असेल तर एकतर ऊन आहे, पाणी कमी पडतंय, किंवा पाया अजून कच्चा आहे. महिन्या-दोन महिन्यांत ही दरी कमी होत गेली तर पेस जागचा हलला नसला तरी काम चालू आहे.

हे सगळं रोज उघडून बघायचं नाही, वेड लागेल. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर दहा मिनिटं, महिन्याचा किराणा हिशोब बघतो तसं. किलोमीटर एकदम उडी मारून वाढले का, चौथ्या आठवड्याला थोडे कमी केले का, सगळ्या आठवड्याचं अंतर एकट्या लाँग रनमध्येच तर नाही ना, टिपांमध्ये तेच दुखणं परत आलं का. कुडोज बघायला मात्र वेगळं बसू नका, कारण मग सोपा रनसुद्धा लोकांना दाखवण्यासाठी जोरात होतो, ग्रुपमध्ये हे सर्रास चालतं. सोपे रन सरळ "ओन्ली यू" (फक्त स्वतःला दिसतील असे) करून टाकावेत, डोक्याला शांती.

रेसच्या आधी टार्गेट ठरवतानाही लॉगच उघडायचा, मित्राचा टायमिंग नाही. जोर लावून पळलेला अलीकडचा १० किलोमीटर घ्या, अंतराचं गुणोत्तर काढा (हाफसाठी २१.१ भागिले १०), त्याचा १.०६ वा घात करा आणि वेळेला गुणा. १० किलोमीटर ६५ मिनिटांत असेल तर हाफ साधारण २ तास २३ मिनिटं. पण हे गणित असं धरून चालतं की तुमचे लाँग रन झालेले आहेत. लॉगमध्ये १६-१८ किलोमीटरचे रन दोन-तीनच दिसत असतील तर त्यात पाच-दहा मिनिटं आपणहून वाढवा, आणि पेडर रोडच्या चढाला काय ते वेगळं द्या.

रेस झाली की नोंद करताना चिप टाइम टाका, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या चिपने स्टार्टपासून फिनिशपर्यंत मोजलेली वेळ. घड्याळ २१.१ च्या जागी २१.४ दाखवेल, गर्दीत वळणं बाहेरून घेतली जातात आणि उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं, त्यामुळे घड्याळाचा पेस खऱ्यापेक्षा बरा दिसतो. कितव्या किलोमीटरला पाय जड झाले, एनर्जी जेल कधी घेतलं, पोटाने काय केलं, हे त्याच संध्याकाळी लिहून काढा, मंगळवारपर्यंत निम्मं विसरायला होतं. आणि मग अकाउंटमधून सगळा डेटा एकदा डाउनलोड करून ड्राइव्हवर ठेवून द्या, स्ट्राव्हात ती सोय आहे, फाइल तयार व्हायला थोडा वेळ लागतो आणि लिंक ईमेलवर येते.