विषाणूचे जनुक पेशीला कर्करोगी ठेवते का? तापमानबदलाच्या प्रयोगात या चुका टाळा

विषाणूमुळे पेशी कर्करोगी झाली हे दाखवणे एक, आणि ती कर्करोगी राहण्यासाठी त्या विषाणूचे जनुक सतत कार्यरत असावे लागते हे दाखवणे दुसरे. पेटन रूस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या सार्कोमाचा (एका प्रकारच्या कर्करोगी गाठीचा) गाळलेला अर्क निरोगी कोंबडीत टोचून पहिली गोष्ट दाखवली होती. दुसरीचा निर्णायक पुरावा मिळायला १९७० साल उजाडले. त्या वर्षी स्टीव्ह मार्टिन यांनी रूस सार्कोमा विषाणूचा एक तापमान-संवेदी उत्परिवर्ती प्रकार, म्हणजे जनुकातील बदलामुळे ज्याचे एक प्रथिन वरच्या तापमानाला काम करेनासे होते असा प्रकार, वर्णन केला. तो ३६ आणि ४१ अंश सेल्सिअस या दोन्ही तापमानांना कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढत असे, पण त्या पेशींचे रूपांतरण, म्हणजे त्या कर्करोगी होणे, मात्र फक्त कमी तापमानाला होई. रूपांतरित झालेल्या पेशी ४१ अंशांवर नेल्या की त्या पुन्हा चपट्या, शिस्तीत वाढणाऱ्या होत, आणि तापमान उतरवले की पुन्हा गोल व बेशिस्त होत. विषाणूची वाढ चालू असताना केवळ रूपांतरण थांबते, म्हणजे रूपांतरण टिकवणारे काम वेगळ्या जनुकाचे आहे. हेच जनुक पुढे सार्क म्हणून ओळखले गेले.

आज तापमानाऐवजी आरएनए-हस्तक्षेप (छोट्या आरएनएने जनुकाचा संदेश नष्ट करणे) किंवा औषधाने चालू-बंद होणारा प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) वापरला जातो, पण प्रयोगाचा गाभा तोच आहे: त्याच पेशीत जनुक बंद करायचे, काय होते ते पाहायचे आणि जमेल तेथे ते पुन्हा चालू करायचे. या साध्या दिसणाऱ्या आराखड्यात ज्या चुका वारंवार होतात, त्यांचा विचार येथे केला आहे.

सुरुवात आणि टिकाव यांची गल्लत

सर्वात महाग पडणारी चूक विचारातली आहे. एखाद्या जनुकाविना रूपांतरण होत नाही, म्हणून ते रूपांतरण टिकवतेही, असे मानले जाते. उंदरांत आढळणाऱ्या पॉलिओमा विषाणूच्या टीएस-ए या तापमान-संवेदी उत्परिवर्ती प्रकाराने हे गृहीतक १९६५ मध्येच खोटे ठरवले होते. माइक फ्राइड यांनी दाखवले की या प्रकाराने वरच्या तापमानाला पेशींचे रूपांतरण होत नाही, पण कमी तापमानाला एकदा रूपांतरित झालेल्या पेशी वर नेल्या तरी तशाच राहतात. याचे कारण पुढे उलगडले. तो दोष मोठ्या टी-प्रतिजन या विषाणूच्या प्रथिनात होता, तर पॉलिओमाच्या रूपांतरणाचा मुख्य भार मधल्या टी-प्रथिनावर असतो. हे प्रथिन पेशीच्या स्वतःच्या सार्क प्रथिनाला जाऊन चिकटते, हे १९८३ मध्ये दिसून आले. एसव्ही४० या जवळच्या विषाणूत मात्र चित्र उलटे आहे. तेथे मोठे टी-प्रतिजनच पी५३ आणि आरबी या दोन्ही रक्षक प्रथिनांना अडकवून ठेवते, आणि त्याच्या जनुकातील तापमान-संवेदी उत्परिवर्ती प्रकारांनी रूपांतरित झालेल्या अनेक पेशीवंशांचे (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या एकाच मूळच्या पेशींचे) रूपांतरण वरच्या तापमानाला ओसरते, असे १९७५ च्या सुमारास एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवले. म्हणून एका विषाणूचा निष्कर्ष केवळ नावसाधर्म्यावरून दुसऱ्याला लावू नये.

काही विषाणूंच्या बाबतीत तर टिकवणारे विषाणुजनुक शोधणेच व्यर्थ असते. कोंबड्यांतील ल्युकोसिस विषाणूजवळ स्वतःचे कर्कजनुक नसते. तो पेशीच्या मिक जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि ते बेबंद चालू करतो, हे १९८१ मध्ये स्पष्ट झाले. तेथे पुढचा खेळ पेशीच्याच जनुकाचा असतो.

तापमान बदलले, पण नेमके कशाचे?

इन्क्युबेटरच्या पडद्यावर ३९.५ दिसते, म्हणून प्लेटमधले मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) ३९.५ अंशांवर आहे, असे होत नाही. एकावर एक रचलेल्या प्लेट सावकाश तापतात. दार वारंवार उघडले की तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही खाली येतात. वरच्या तापमानाला बाष्पीभवन वाढते आणि मीडियम दाट होते. म्हणून बदली करण्यापूर्वी मीडियम त्या तापमानाला आणून ठेवावे, एका रिकाम्या प्लेटमध्ये तापमापक ठेवून प्रत्यक्ष नोंद घ्यावी आणि आर्द्रतेसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे कोरडे पडू देऊ नये.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्राण्याचा आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमानच सुमारे ४१ अंश असल्याने तिच्या पेशींना ते जाचक होत नाही. उंदराच्या किंवा माणसाच्या पेशी त्याच तापमानाला नेल्या, तर त्या उष्णतेने आजारी पडतात आणि त्यांची वाढ थांबते ती जनुक बंद झाल्यामुळे नव्हे. सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी बहुधा ३३ आणि ३९ ते ३९.५ अंश ही जोडी वापरतात, ती म्हणूनच. तरीही मूळ, तापमान-संवेदी नसलेल्या विषाणूने रूपांतरित केलेल्या त्याच वंशाच्या पेशी आणि अजिबात संसर्ग न झालेल्या पेशी, हे दोन्ही कंट्रोल शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मूळ विषाणूच्या पेशीही वर नेल्यावर चपट्या होत असतील, तर तुम्ही जनुकाचा परिणाम पाहत नसून उष्णतेचा पाहत आहात.

प्रथिन दिसते, पण काम करते का?

तापमान-संवेदी प्रथिनांची वागणूक सारखी नसते. काही वरच्या तापमानाला नष्ट होतात, तर काही पेशीत तशीच असतात पण निष्क्रिय होतात. प्रतिपिंडाने प्रथिनाची पट्टी दिसली म्हणून जनुक बंद झालेच नाही, असे समजणे चुकीचे आहे. सार्कबाबत किनेज क्रिया (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवण्याचे काम) मोजावी लागते. १९७८ मध्ये तिचा शोध लागला आणि १९८० मध्ये ती टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवते हे कळले. पेशीचे स्वतःचे सार्क प्रथिन विषाणूच्या सार्कशी इतके जुळते की बरेच प्रतिपिंड दोघांत भेद करत नाहीत. हा गोंधळ स्वाभाविकच आहे, कारण विषाणूचे जनुक मुळात पेशीकडूनच उचललेले आहे, हे बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवले होते. नियमन करणारी शेपटी गमावलेली ती प्रत आहे. कोणत्या प्रतीची क्रिया मोजता आहात, ते वहीत स्पष्ट लिहा.

परतीचा प्रवास न करणे

पेशी चपट्या झाल्या की प्रयोग संपला असे मानू नका. त्याच प्लेट पुन्हा खाली आणून रूपांतरण परत येते का, ते पाहावे, आणि ही परत-बदली काही तासांत किंवा एका-दोन दिवसांत करावी. वरच्या तापमानाला आठवडे घालवले, तर जनुक दुरुस्त झालेल्या किंवा ज्यांत प्रथिन थोडेसे काम करतच राहते अशा पेशींना वाढण्याची संधी मिळते, आणि शेवटी प्लेटवर त्यांचेच राज्य होते. मग 'जनुक बंद असूनही रूपांतरण टिकले' असा भ्रामक निष्कर्ष निघतो.

तरीही पेशी परतल्या नाहीत म्हणून प्रयोग फसला, असेही नाही. एसव्ही४० च्या टीएसए५८ या तापमान-संवेदी मोठ्या टी-प्रतिजनाच्या जनुकाने अमर (अखंड विभागत राहणाऱ्या) केलेल्या उंदराच्या भ्रूणपेशी ३९.५ अंशांवर नेल्या की त्यांची विभाजनक्षमता कायमची जाते, असे जाट आणि शार्प यांनी १९८९ मध्ये दाखवले. तेथे मागे न फिरणे हीच खरी बातमी आहे, कारण ते जनुक पेशीचे वार्धक्य रोखून धरत होते. अमरत्व आणि रूपांतरण यांत भेद न करणाऱ्या संशोधकाच्या हातून ही बातमी निसटते. थ्री-टी-थ्री या उंदराच्या पेशींसारख्या आधीच अमर असलेल्या वंशात तोच प्रयोग केला, तर पेशी मरत नाहीत. त्या फक्त दाटी टाळू लागतात, कमी सीरममध्ये वाढेनाशा होतात आणि सॉफ्ट अगारमध्ये (पेशींना चिकटायला पृष्ठभाग नसलेल्या मऊ जेलीत) वसाहती करत नाहीत. या तीन कसोट्या वेगवेगळ्या आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. थ्री-टी-थ्री पेशी दाटीत राहू दिल्या तर त्यांत आपोआपही फोकस (रूपांतरित पेशींचे पुंजके) उगवतात, म्हणून त्या गच्च होण्याआधीच विभागल्या पाहिजेत.

हीला पेशींतली खास फसगत

हीला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून मिळाल्या, आणि त्यांत मानवी पॅपिलोमा विषाणू १८ चे ई६ आणि ई७ हे दोन जनुक आजही कार्यरत आहेत. ते एकाच प्रवर्तकावरून, एकाच आरएनए-साखळीवर लिहिले जातात. त्यामुळे केवळ ई६ बंद करायचे म्हणून योजलेला छोटा आरएनए दोन्ही नष्ट करतो, आणि सगळे श्रेय मात्र ई६ ला जाते. उपाय एकच: ज्या जनुकाबद्दल दावा आहे, त्याची त्या आरएनएला दाद न देणारी प्रत बाहेरून घालून रूपांतरण परतवून दाखवणे. दुसरी चूक अशी की ई६ व ई७ दाबल्यावर पेशींची संख्या वाढेनाशी झाली की 'पेशी मेल्या' असे लिहिले जाते. पॅपिलोमा विषाणूचेच ई२ प्रथिन घालून ही दोन्ही जनुके दाबल्यावर हीला पेशी मोठ्या, पसरट होतात आणि बीटा-गॅलॅक्टोसायडेज या विकराचा निळा रंग घेतात, म्हणजे वार्धक्यात जातात, हे डिमायो यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. मृत्यू आणि वार्धक्य यांच्या चाचण्या वेगळ्या असतात, आणि दोन्ही कराव्यात.

हातातला वंश कोणता?

हीला पेशी दुसऱ्या वंशांत घुसून त्यांची जागा घेतात, हे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये उघड केले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या भांडारातून आणलेला वंश आणि शेजारच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला वंश यांत फरक करावा. उसना वंश असेल तर डीएनए-ओळखचाचणी आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी आधी करावी. मायकोप्लाझ्मा पेशींचा आकार, वाढ आणि चयापचय सगळेच बिघडवतो, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही.