धूर, उंदीर आणि काढलेले जनुक: असा शोधनिबंध कसा वाचावा

जनुकबदल केलेल्या उंदरांना सिगारेटचा धूर दिल्यावर फुप्फुसांना दाह कसा होतो, यावरचा शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाआधी उंदरांचे गट पाहावेत. जनुक शाबूत असलेले आणि जनुक काढलेले, अशा दोन्ही प्रकारच्या उंदरांपैकी काही धुरात आणि काही स्वच्छ हवेत, असे किमान चार गट हवेत. जनुक काढलेल्या उंदरांना स्वच्छ हवेतही दाह होत असेल, तर त्याचे खापर धुरावर फोडता येत नाही. म्हणून हा चौथा, म्हणजे जनुक काढलेल्या पण स्वच्छ हवेतल्या उंदरांचा गट गाळलेला निबंध मी बाजूला ठेवतो. सगळे उंदीर एकाच वाणाचे, शक्यतो एकाच वेतातले असावेत, कारण वाणागणिक धुराची बाधा कमी-अधिक होते.

मग धुराचा हिशेब मांडावा: सिगारेट कोणती, रोज किती आणि किती काळ. धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्यांमुळे श्वसनमार्गाच्या अस्तरपेशी व मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या भक्षक पेशी, इतर पेशींना बोलावणारे संदेशरेणू सोडतात आणि काही दिवसांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जमतात. वायुकोशांच्या भिंती झिजायला मात्र महिने लागतात. त्यामुळे तीन दिवसांच्या प्रयोगावरून एम्फिसिमाविषयी, म्हणजे या भिंती नष्ट होऊन वायुकोश रुंदावण्याच्या विकाराविषयी, काही सांगितले असेल, तर ते मानू नये.

दाह कसा मोजला, हे बारकाईने वाचावे. श्वासनळीतून फुप्फुसात क्षारद्रावण सोडून ते हलकेच परत ओढतात आणि त्यातील पेशी काचपट्टीवर रंगवून मोजतात. न्यूट्रोफिलचे केंद्रक अनेक खंडांचे दिसते, तर मॅक्रोफेज मोठी असून धुरात राहिलेल्या प्राण्यांत तिच्या पोटात तपकिरी कण आढळतात. केवळ एकूण पेशींचा आकडा दिला असेल, तर नेमके कोण जमले ते कळत नाही.

दाह आणि ऊतींचा नाश यांची गल्लत टाळण्यासाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग समजून घ्यावा. त्यात मॅक्रोफेज इलॅस्टेज, म्हणजे एमएमपी-१२, या ऊती झिजवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक काढलेल्या उंदरांना सहा महिने धूर दिला. त्यांच्या फुप्फुसांत मॅक्रोफेज वाढल्या नाहीत आणि एम्फिसिमाही झाला नाही. पण पेशीच आल्या नाहीत म्हणून फुप्फुस वाचले, की विकर नव्हते म्हणून? संशोधकांनी मॅक्रोफेजना ओढणारे प्रथिन दरमहा श्वासनळीतून दिले. पेशी जमल्या, तरी वायुकोश रुंदावले नाहीत. जनुक काढून थांबलेल्या निबंधाला मी याच कसोटीवर घासतो.

उलट प्रकारही लक्षात ठेवावा: २००४ साली एनआरएफ-२ हे जनुक काढलेल्या उंदरांत दाह आणि एम्फिसिमा दोन्ही वाढले, कारण ते जनुक ऑक्सिडीकारकांपासून बचाव करणारी जनुके चालू करते.

शेवटी संदेशरेणूंच्या तक्त्याकडे वळावे. माणसात न्यूट्रोफिलना बोलावणाऱ्या आयएल-८ या संदेशरेणूचे जनुक उंदरात नाहीच. उंदरात ते काम केसी आणि एमआयपी-२ हे रेणू करतात. तक्त्यात उंदराचे आयएल-८ छापलेले दिसले, तर नेमके काय मोजले हे पद्धतींच्या विभागात जाऊन शोधावे.