परदेशी राहायला जाण्यापूर्वी नातेवाइकांच्या भेटीचा मोटारप्रवास : या चुका टाळा

परदेशी कायमचे किंवा दीर्घ मुदतीसाठी राहायला जाण्यापूर्वी सहकुटुंब मोटारीने निघून नातेवाइकांना भेटून यावे, असा विचार बहुतेक घरांत निघतो आणि तो योग्यच असतो. अडचण एवढीच की या प्रवासाची आखणी सहलीसारखी केली जाते. नकाशा उघडायचा, गावे जोडायची, किलोमीटर मोजायचे आणि रोजचा टप्पा ठरवायचा. सहलीत ठिकाण पाहून झाले की निघता येते. येथे मात्र ज्यांच्याकडे जायचे ती माणसे आजारी असतात, नोकरीवर जातात, क्वचित रुसतात आणि निरोप देताना दारात तासभर बोलत उभी राहतात. प्रवास बिघडतो तो बहुधा हा वेळ हिशेबात न धरल्यामुळे, आणि तो हिशेब निघण्यापूर्वी कितीतरी आधी चुकलेला असतो.

तारीख आणि क्रम

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हा प्रवास शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवणे. त्या आठवड्यात घर रिकामे करायचे असते, शाळेचे दाखले, बँकेची कामे आणि सामानाची पाठवणी एकाच वेळी अंगावर येते, आणि त्यातच व्हिसाच्या कामाचे काहीतरी उरलेले निघते. बोटांचे ठसे देण्याची वेळ, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट जमा करणे यांपैकी कशाचीही तारीख अर्जदाराच्या सोयीने ठरत नाही. वैद्यकीय तपासणी तर पुष्कळ देशांसाठी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. प्रवासाच्या वाटेत एखादी देशसीमा ओलांडायची असेल आणि पासपोर्ट त्या वेळी वकिलातीत पडून असेल, तर आखलेला मार्ग तेथेच संपतो. म्हणून व्हिसासाठी प्रत्यक्ष हजर राहण्याची कामे आटोपल्यावर आणि घराची बांधाबांध सुरू होण्यापूर्वी जो काळ मिळतो, तो या प्रवासासाठी धरावा.

लसींचे वेळापत्रकही याच वेळी पाहावे. हेपटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांमध्ये किमान 28 दिवसांचे अंतर लागते आणि पीतज्वराच्या पहिल्या लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होते. यांतील एखादी मात्रा प्रवासाच्या मधल्या दिवशी येत असेल, तर ते निघण्यापूर्वीच कळलेले बरे.

विमानाची तारीख आणि परतीचा दिवस यांत किमान आठवडाभराचे अंतर असावे. अनेक घरांत राहून, अनेक मुलांत मिसळून आलेल्या कुटुंबाला सर्दी-तापाची लागण होणे स्वाभाविक आहे. इन्फ्लुएन्झाची लक्षणे साधारण एक ते चार दिवसांत दिसतात, त्यामुळे आठवडा हाताशी असल्यास आजार घरीच होऊन जातो. कांजिण्यांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्या लागण झाल्यावर 10 ते 21 दिवसांनी उमटतात. ज्या घरात त्या चालू आहेत, तेथे लस न घेतलेल्या मुलाला घेऊन जाऊ नये आणि हे फोनवर स्पष्ट विचारून घेण्यात संकोच बाळगू नये.

दुसरी चूक क्रमाची. जवळचे घर आधी आणि लांबचे शेवटी, हा क्रम इंधनाच्या दृष्टीने शहाणपणाचा असला तरी भेटींच्या दृष्टीने नसतो. सर्वांत वयस्कर आणि आजारी माणसांच्या घरी आधी जावे. प्रवासाच्या शेवटी सगळे थकलेले असतात, दिवस कमी पडलेले असतात आणि जो मुक्काम कापला जातो तो शेवटचाच असतो. तो मुक्काम आजीचा असेल तर ती चूक पुढे दुरुस्त करता येत नाही.

एका रात्रीचे मुक्काम

नऊ दिवसांत आठ घरे बसवणारी आखणी कागदावर नीट दिसते. प्रत्यक्षात एका रात्रीच्या मुक्कामात सायंकाळी पोहोचणे, सामान उतरवणे, जेवणे, झोपणे आणि सकाळी पुन्हा सामान बांधणे एवढेच होते. यजमानांनाही आदल्या दिवसापासून राबावे लागते आणि पाहुणे बसून बोलले असे वाटण्यापूर्वीच गाडी सुरू होते. दोन रात्रींचा मुक्काम हा माझ्या मते किमान आहे, कारण मधला पूर्ण दिवस कोणत्याही घाईचा नसतो आणि ज्या गोष्टींसाठी आलो त्या त्याच दिवशी बोलल्या जातात. मग नऊ दिवसांत चारच घरे होतात, आणि उरलेल्यांचे काय, हा खरा प्रश्न उभा राहतो.

त्याला दोन उत्तरे आहेत. एकमेकांच्या जवळ राहणाऱ्या चुलत-मावस भावंडांना एका मध्यवर्ती घरी बोलवावे; यात यजमानांवर भार पडतो, म्हणून जेवणखाणाची आणि झोपण्याची व्यवस्था आपण बाहेरून करावी. ज्यांच्याकडे जाणे होणार नाही त्यांना ते आपण स्वतः, आधी आणि सगळ्यांना एकाच सुमारास कळवावे. नातेवाईक दुखावतात ते भेट न झाल्याने जेवढे, त्याहून अधिक ती दुसऱ्याकडे झाल्याचे तिसऱ्याकडून कळल्याने. वाटेत अर्धा तास डोकावून जाणे मात्र टाळावे. अशा भेटीत ना धड बसता येत, ना धड निघता येत.

गाडी चालवताना

या प्रवासातील वाहनचालक नेहमीच्या प्रवासातील चालकापेक्षा अधिक थकलेला असतो, कारण रात्री उशिरापर्यंत गप्पा झालेल्या असतात आणि मनावरही ताण असतो. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीराची सतर्कता मुळातच कमी असते. ‘रात्रीत अंतर कापून टाकू’ हा बेत म्हणूनच सोडून द्यावा, दर दोन तासांनी थांबावे आणि डोळे जड झाल्यास सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास जातो, तोवर ती पिऊन लगेच गाडी हाकण्यात अर्थ नाही.

निघण्याची वेळ हमखास हुकते, कारण निरोप लांबतो. त्यावर उपाय असा की मुख्य निरोप आदल्या रात्रीच घ्यावा, सामानही तेव्हाच गाडीत ठेवावे आणि सकाळी फक्त निघावे. सकाळचे दोन तास दारात गेले, तर तेच दोन तास पुढे अंधारात गाडी चालवून भरावे लागतात.

गाडी भरत जाते, तसा टायरमधील हवेचा दाब पुन्हा पाहावा. भरलेल्या गाडीसाठीचा दाब बहुतेक मोटारींत चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. जड सामान खाली, मागच्या आसनाला टेकवून ठेवावे. टपावर चढवलेले वजन गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते आणि वळणावर ते जाणवते. वाटेत एखादा नातेवाईक पुढच्या गावापर्यंत सोबत येतो आणि जागा करण्यासाठी लहान मुलाला त्याच्या आसनातून काढून मांडीवर घेतले जाते. ही चूक प्रेमापोटी होते आणि अतिशय धोकादायक आहे, कारण धडकेच्या क्षणी मूल हातात धरून ठेवण्याइतकी ताकद कोणाच्याही हातांत नसते. सोबत येणाऱ्याने दुसऱ्या वाहनाने यावे.

सामान पुढे गेले, औषधे त्यातच गेली

जहाजाने जाणारे सामान कुटुंबाच्या कितीतरी आधी निघते, आणि बांधणारी माणसे समोर दिसेल ते खोक्यात भरतात. औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गाडीची कागदपत्रे, चष्म्याची जादा जोडी, मुलाचे झोपतानाचे खेळणे हे सारे आधी एका बंद खोलीत वेगळे काढावे. मूळ प्रमाणपत्रे ना जहाजाच्या खोक्यात टाकावीत, ना गाडीच्या डिकीत.

भेटवस्तूंचे ओझे हा याच चुकीचा दुसरा भाग. विमानाच्या साध्या वर्गात एका बॅगेला बहुधा 23 किलोची मर्यादा असते, आणि बिया, रोपे, मांस, दुधाचे पदार्थ व प्रक्रिया न केलेले लाकूड यांवर अनेक देशांत बंदी किंवा कडक तपासणी असते. नातेवाईक प्रेमाने देतात तेव्हा नाकारणे कठीण जाते. म्हणून आधीच फोनवर काय हवे ते सांगावे. जुन्या छायाचित्रांच्या प्रती किंवा हाताने लिहिलेले पत्र मागितले, तर देणाऱ्यालाही समाधान वाटते.

जे विचारायचे ते राहून जाते

माझ्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत मोठे नुकसान येथे होते. परदेशी गेल्यावर नवा डॉक्टर पहिल्याच भेटीत कुटुंबातील आजारांविषयी विचारतो: हृदयविकार कोणाला आणि कोणत्या वयात झाला, मधुमेह किंवा कर्करोग कोणत्या बाजूने आहे, कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. याची उत्तरे आत्या, मामा, आजोबा यांच्याच स्मरणात असतात. ती विचारून, ऐकणाऱ्याने त्याच रात्री तारखेसह वहीत उतरवावीत.

कागदपत्रांचेही तसेच. आईवडिलांचे विवाह प्रमाणपत्र, जन्माचे जुने दाखले, नावांची वेगवेगळ्या कागदांवरील वेगवेगळी स्पेलिंगे हे सारे एखाद्या काकांच्या कपाटात सापडते. परदेशात वापरायच्या प्रमाणपत्रावर 1961 च्या हेग करारानुसार अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची अधिकृत खूण, घ्यावे लागते, आणि ज्या देशाने प्रमाणपत्र दिले त्याच देशाचा सक्षम अधिकारी ते देतो; करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीचे साक्षांकन लागते. दूर गेल्यावर हे काम पत्रव्यवहाराने करणे किती जिकिरीचे होते, हे ते करावे लागलेल्यांनाच माहीत. कुलमुखत्यारपत्रावर सही हवी असेल, तर ती गोष्ट आधी कळवून, मधल्या दिवशी, निवांतपणे बोलावी. पोहोचताच सही मागितली की पुढची सगळी भेट त्या सहीसाठीच होती असे वाटू लागते.

आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील, तर परवानगी घ्यावी, पंखा व टीव्ही बंद असलेली खोली निवडावी, फोन विमान-स्थितीत ठेवावा आणि आधी एक मिनिटाचे मुद्रण करून ऐकून पाहावे. मुद्रणाची दुसरी प्रत त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

व्हिडिओ कॉल लावायला शिकवताना आपल्या फोनवर शिकवण्याची चूक सर्रास होते. तो त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच घरच्या जोडणीवर, त्यांच्याच हाताने लावून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी वाटेतून पुन्हा लावायला सांगावा. अडचण कोठे येते ते तेव्हाच कळते. ज्या देशात घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात, तेथे जाणार असल्यास दोन्ही काळांतील वेळेचा फरक मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

मध्येच बिघडले तर

वेळापत्रक कोलमडल्यास प्रत्येक मुक्काम थोडाथोडा आखडू नये. एक मुक्काम पूर्णपणे रद्द करावा आणि त्या घरी तत्काळ फोन करावा. वकिलातीचे बोलावणे आल्यास कोणी एकाने रेल्वेने किंवा विमानाने परतायचे, आणि गाडी दुसऱ्या कोणी चालवायची, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. म्हणजे विम्यात दुसऱ्या चालकाचाही समावेश आहे ना, हे आपोआप तपासले जाते. जुना वाद एखाद्या घरी उफाळला, तर त्याच रात्री तो मिटवण्याचा हट्ट धरू नये आणि जवळच्या लॉजवर मुक्काम हलवण्यात कमीपणा मानू नये. मुले चिडचिडी झाली असतील, तर प्रत्येक घरी तेच ते प्रश्न ऐकून ती कंटाळलेली असतात. मधली एक रात्र कोणत्याही नातेवाइकाकडे न काढता फक्त आपली अशी ठेवावी, आणि ‘दर सुट्टीत येऊ’ असे पाळता न येणारे वचन मुलांना किंवा आजीआजोबांना देऊ नये.

राहता राहिली गाडी. विकायची असेल, तर प्रवासापूर्वी ताबा देण्याचे कबूल करू नये, आणि विमा परतीच्या ठरलेल्या दिवसानंतरही काही दिवस चालू राहील असे पाहावे. ताबा देताना गाडीतील नकाशा-फोनच्या पडद्याच्या यंत्रणेला जोडलेला फोन काढून टाकावा आणि यंत्रणा मूळ स्थितीत आणावी, कारण सगळ्या नातेवाइकांचे पत्ते व फोन क्रमांक या प्रवासात तिच्यात साठलेले असतात.