जुन्या लेखांतील तुटलेले दुवे दुरुस्त करताना

लातूरच्या आडत दुकानांसाठी आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो आणि ते कसे वापरावे हे सांगणारे लेख गेली अनेक वर्षे संकेतस्थळावर लिहीत आलो आहोत. त्यांतील दुवे तुटू लागले तेव्हा पुढील पद्धत हळूहळू बसत गेली.

तुटलेले दुवे शोधणे सोपे आहे. स्क्रीमिंग फ्रॉग हे साधन ५०० पत्त्यांपर्यंत विनाशुल्क तपासणी करते. निकाल मात्र डोळे झाकून स्वीकारू नयेत. सर्व्हर प्रत्येक दुव्याला आकड्याने उत्तर देतो: ४०४ म्हणजे पान सापडले नाही, ४१० म्हणजे ते कायमचे काढले; परंतु ४०३ किंवा ४२९ आलेला दुवा पुष्कळदा शाबूत असतो, समोरच्या सर्व्हरने केवळ तपासणाऱ्या यंत्राला अडवलेले असते. खरा धोका २०० (म्हणजे सर्व ठीक) दाखवणाऱ्या काही दुव्यांत असतो: डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याच कोणी घेतलेले असते आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरऐवजी तिथे जुगाराची जाहिरात उघडते. म्हणून बाहेरचे दुवे हाताने उघडून पाहावेतच.

स्वतःच्याच पानाचा पत्ता बदलला असेल, तर ३०१ पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारे कायमचे वळण, द्यावे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा आम्ही बाजार समित्यांच्या पानाचा पत्ता उत्साहाने बदलला आणि त्याकडे येणारे सगळे जुने दुवे एका रात्रीत निकामी झाले. जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर न्यावा, मध्ये साखळी ठेवू नये. हरवलेले प्रत्येक पान मुखपृष्ठाकडे वळवणे हा तर शुद्ध आळस आहे, कारण पट्टीवर (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबावर) हमाली-तोलाई कशी छापावी हे शोधत आलेल्या मुनीमजींना तिथे काहीच मिळत नाही आणि गूगलही अशा वळणाला सॉफ्ट ४०४, म्हणजे प्रत्यक्षात नसलेले पान, समजू शकते.

बाहेरचे पान कायमचे गेले असेल, तर वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहावर) लेखाच्या तारखेजवळची प्रत निवडावी. सर्वांत अलीकडची प्रत कधीकधी ४०४ च्या पानाचीच निघते. डाउनलोडसाठी मात्र निर्मात्याचे सध्याचे पानच द्यावे. गिटहब हे सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याचे संकेतस्थळ नाव बदललेल्या रिपॉझिटरीचा (प्रकल्पाच्या कोडसंग्रहाचा) जुना पत्ता आपोआप वळवते, तरी त्याच खात्यात जुन्या नावाने नवी रिपॉझिटरी उघडताच ते वळण संपते, म्हणून लेखात नवाच पत्ता लिहावा.

सर्व पुनर्निर्देशने एकाच फाइलमध्ये तारखेसह नोंदवावीत. होस्टिंग बदलताना ती फाइल आमच्याकडून मागे राहिली आणि सोयाबीनच्या ऐन हंगामात, सकाळी सौदा निघण्याआधीच, फोन आला, “अहो, ते पट्टीचं पान उघडंना झालंय की!”